दोन बोटं पाणी

हंबीरराव झांबरे यांनी इंजिनिअर व्हायचं ठरवलं ते चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि ते जाहीर केलं थोरल्या मुलीला बघायला आलेल्या मंडळींसमोर. तसा त्यांचा जाहीर करायचा विचार नव्हता. पण कऱ्हाडकडच्या त्या पाहुण्यांनी पोह्यांची बशी हातात घेता घेता सहज विचारलं, "आपण बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहात म्हणे?" आणि हंबीरराव पडले सरळमार्गी. ते म्हणाले, "आहे. पण जूनपासून सांगलीला कॉलेजात असेन."

"प्राध्यापक म्हणून?"

"नाही. शिकायला."

पाहुण्यांनी पोहे अर्धे टाकले. हंबीररावांच्या पत्नी लीलाबाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. मुलीला मात्र तो मुलगा मुळीच पसंत नव्हता, त्यामुळे त्या दिवशी अख्ख्या साताऱ्यात वडिलांच्या शिक्षणाला पाठिंबा देणारं तेवढं एकच माणूस होतं.

हे खूळ डोक्यात शिरलं कसं, हे सांगायला हवं. हंबीरराव साताऱ्यातल्या एका सहकारी बँकेत कर्जखात्याचे मुख्य होते. विहिरी, बंधारे, पाणी उपसायच्या योजना, सगळ्यांचे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. अशाच एका योजनेच्या उद्घाटनाला ते गेले. बटण दाबलं. नदीचं पाणी नळातून अर्ध्या चढापर्यंत आलं, तिथं थांबलं आणि आल्या वाटेनं परत गेलं. जमलेले लोक पाण्याकडे बघायचं सोडून हंबीररावांकडे बघायला लागले. "सायेब, आसं कसं झालं?" एकानं विचारलं. हंबीरराव म्हणाले, "कागद तर बरोबर आहेत." त्यानंतर कित्येक दिवस त्यांना जेवताना हे वाक्य आठवायचं आणि घास हातातच राहायचा. तरुणपणी इंटर सायन्स झाल्यावर इंजिनिअरिंगला जायची त्यांची फार इच्छा होती. वडिलांनी बँकेत चिकटवलं, ते चिकटले. आता मात्र ते उठले.

बँकेचे चेअरमन शहाणे गृहस्थ. त्यांनी दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली आणि अट घातली. दोन वर्षं पास होऊन दाखवा आणि खुशाल राजीनामा द्या. एकदा जरी नापास झालात, तर मुकाट परत या. परत या म्हणजे कुठं, तर आपल्या जागेवर बसलेल्या आपल्याच हाताखालच्या माणसाच्या हाताखाली. हंबीरराव हसत हसत हो म्हणाले, आणि घरी येईपर्यंत ते हसू ओसरलं.

शेजारी नानासो राहायचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सल्ला द्यायला विचारावं लागत नसे. "आवं हंबीरराव, घाबरू नका. फौजेत उमर न्हाई बघत, सीना बघत्यात," ते म्हणाले. "पर तीन गोष्टी करा. टोपी घ्या सायबाची, उनाची. पळायला लागा सकाळचं. आन् केसास्नी कलप लावा. पोरांत पोर दिसलं पायजे." हंबीररावांनी टोपी घेतली. पळायला एकच दिवस गेले, कारण सगळ्या पेठेला वाटलं घरात काहीतरी झालं, आणि माणसं मागोमाग पळत आली. कलपाचं पुढं येईलच.

सांगलीच्या कॉलेजातल्या कारकुनानं त्यांचा अर्ज हातात घेऊन आधी दरवाजाकडे बघितलं. "मुलाला पुढं पाठवा. तुम्ही बाकावर बसा."

"मुलगा मीच."

कारकून चष्मा पुसायला लागला. वयाची अडचण नव्हती. नियम करणाऱ्यांना असा माणूस येईल हे सुचलंच नव्हतं, म्हणून तसा नियमही नव्हता. अडचण आली शाळेच्या दाखल्याची. हंबीरराव औंधच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे दाखल्यावर औंध संस्थानाचा शिक्का. कारकुनानं जिल्ह्यांची यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. "हे औंध संस्थान यादीत नाही."

"विलीन झालं ना ते."

"मग दाखलाही विलीन करून आणा."

हे कुठं करून मिळतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तालुक्याच्या कचेरीनं त्यांना जिल्ह्याच्या कचेरीत पाठवलं, जिल्ह्याच्या कचेरीनं शाळेत पाठवलं. शाळेतल्या म्हाताऱ्या हेडमास्तरांनी यमाईचा अंगारा लावला आणि मागच्या बाजूवर 'सदर विद्यार्थी आता भारतात आहे' असं लिहून सही केली. ते चाललं. मग राहिला पालकाच्या सहीचा रकाना. हंबीररावांचे वडील वारलेले, आई वारलेली. कारकून म्हणाला, रकाना मोकळा चालणार नाही, घरातलं कुणीही जबाबदार माणूस चालेल. शेवटी तिथं लीलाबाईंची सही झाली. विद्यार्थ्याशी नातं: पत्नी.

याचे परिणाम पुढं भोगावे लागले. सहामाहीला कॉलेजचं छापील पत्र साताऱ्याला गेलं, की आपले पाल्य हंबीर झांबरे हे दुपारच्या तासाला झोपलेले आढळले, तरी त्यांना समज द्यावी. रविवारी पाल्य घरी आले तेव्हा लीलाबाईंनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि लग्नानंतर प्रथमच, सरकारी अधिकारानं, समज दिली. समज दुपारपर्यंत चालली. "मला काय हौस नाही," त्या शेवटी म्हणाल्या, "पण जबाबदारी अंगावर घेतलीय ना!" त्यांच्या चेहऱ्यावरून हौस नाही असं मुळीच वाटत नव्हतं.

कॉलेजात पहिल्याच दिवशी हंबीरराव वर्गात शिरले आणि सगळी पोरं उभी राहिली. ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तरी पोरं उभीच. प्राध्यापक आले तेव्हा त्यांना वाटलं आपला मान फार वाढला. वरच्या वर्गातल्या पोरांनी नवीन पोरांना छळायचा कार्यक्रम ठेवला होता, त्यात हंबीररावांना गाणं म्हणायला सांगितलं. त्यांना आरतीशिवाय काही येत नव्हतं. त्यांनी आरती सुरू केली. छळणारी पोरं नाइलाजानं हात जोडून उभी राहिली, टाळ्या वाजवू लागली, आणि शेवटी प्रसाद काय आहे अशी चौकशी झाली. त्या वर्षीचा छळ तिथंच संपला.

खरा छळ झाला चित्रकलेच्या हॉलमध्ये. यंत्राचं चित्र काढताना रेघ चुकली तर खोडायची असते. पण बँकेत खाडाखोड म्हणजे गुन्हा. हंबीररावांनी वीस वर्षं रबराला हात लावलेला नव्हता. चुकलेल्या आकड्यावर तांबडी आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, हेच हाडात मुरलेलं. त्यांनी पंपाचं जे चित्र दिलं, त्यात जागोजागी तांबड्या रेघा आणि बाजूला 'हं. य. झांबरे' अशा सह्या होत्या. मगदूम सरांनी तो कागद उजेडाला धरून बराच वेळ बघितला. "झांबरे," ते म्हणाले, "हा पंप आहे की त्याचा पंचनामा आहे?" सगळा हॉल हसला. हंबीररावांना घाम फुटला, कपाळावरनं कलप ओघळला आणि पंपाच्या बरोबर मधोमध एक काळा थेंब पडला. त्यावरही त्यांनी तांबडी रेघ मारून सही केली. कलप त्या दिवशी सुटला.

हे मगदूम सर म्हणजे सांगलीकडचेच, वय सव्वीस, अंगानं काडी, लग्न व्हायचं होतं. शिकवायचे छान. पण आपल्या बापाच्या वयाच्या माणसाला रागवायचं कसं, हे त्यांना कुठं शिकवलेलं नव्हतं. त्यामुळे ते हंबीररावांना एकदम जास्त तरी रागवायचे, नाहीतर एकदम 'बसा हो तुम्ही' म्हणायचे.

पहिलं वर्ष काठावर सुटलं. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात जमीन मोजायचा कॅम्प निघाला. मुक्काम हुलगेवाडी. कवठे महांकाळच्या पलीकडे माळावर वसलेलं गाव, मेंढरं आणि कुसळं सोडून दुसरं काही नाही. पंचवीस पोरं, दुर्बिणी, मोजपट्ट्या, भांडीकुंडी घेऊन एस.टी. थांबली. आधी मगदूम सर उतरले, हाफ पँट आणि कॅनव्हासचे बूट घालून. मागून हंबीरराव उतरले, टेरिलीनची फुल पँट, काखेत छत्री आणि डोक्यावर नानासोंनी घ्यायला लावलेली साहेबी टोपी.

पुढं काय झालं ते सांगायला नको, तरी सांगतो. गावचे सरपंच बिराप्पा, दांडगा धनगर गडी, पटका सावरत धावत आले, मगदूम सरांना बाजूला सारलं आणि हंबीररावांच्या गळ्यात हार घातला. "आलासा का सायेब! तीन वरसं वाट बघतुया तुमची!"

दुष्काळाच्या कामावर या गावानं स्वतःच्या हातानं पाझर तलावाचा बांध घातला होता. पाऊस पडला, काम बंद झालं, बांध तसाच अर्धवट राहिला. तेव्हापासून गावात साहेब येणार, साहेब येणार असं चाललं होतं. आणि आता दुर्बिणी घेऊन साहेब आला होता.

"अहो, मी साहेब नाही," हंबीरराव म्हणाले.

"मोठी मानसं आशीच बोलत्यात," बिराप्पा कौतुकानं गावाला म्हणाले.

मगदूम सर पुढं झाले. "हे पाहा, हे विद्यार्थी आहेत. मी यांचा..."

"तू जरा थांब रं पोरा, सायबास्नी बोलू दे," कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. गावातली एकुलती एक खुर्ची आली ती हंबीररावांसाठी. चहा आला, हंबीररावांना कपबशीत, मगदूम सरांना पोरांबरोबर जरमनच्या पेल्यात. मगदूम सरांचे कान लाल झाले.

आता इथं हंबीररावांचं थोडं चुकलं, हे मान्य केलं पाहिजे. दीड वर्ष ते सगळ्यांचे 'झांबरे' झाले होते, बाकावर उभे राहिले होते, बायकोची समज खाल्ली होती. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी साहेब म्हणालं आणि त्यांना ते गोड लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'मी साहेब नाही' हे जरा हळू सांगितलं. तिसऱ्या दिवशी सांगायचं राहून गेलं.

कामात मात्र त्यांनी कसूर केली नाही. उलट नको तितकं केलं. उंची मोजायची रीत अशी, की देवळाच्या पायरीपासून निघायचं, त्या अर्धवट तळ्याच्या जागेभोवती फिरून उंचसखल मोजायचं आणि परत त्याच पायरीवर यायचं. निघतानाची आणि परततानाची उंची एकच यायला हवी. ती कधीच येत नाही, अंगठ्याच्या रुंदीएवढा फरक राहतोच, आणि तेवढा चालतो. पहिल्या संध्याकाळी तेवढाच आला. मगदूम सर म्हणाले, "मर्यादेत आहे. सगळीकडे थोडा थोडा वाटून टाका आणि जेवायला चला."

"वाटून टाका?" हंबीरराव दचकले. "सर, गल्ल्यात फरक आला तर आम्ही तो खातेदारांत वाटत नाही. फरक सापडल्याशिवाय बँकेतून कुणी घरी जात नाही!"

"ही बँक नाही, झांबरे."

पण हंबीरराव आपल्या तुकडीचे प्रमुख होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी तुकडीला परत सगळ्या तळ्याभोवती फिरवलं. तिसऱ्या दिवशी परत. पोरांच्या पायांत कुसळं भरली, आमटी गार झाली, आकाराम नावाचा धीट पोरगा तोंडावर म्हणाला, "काका, तुमच्यापायी आमी म्हातारं व्हनार." शेवटी सापडलं, की एका ठिकाणी मापाची पट्टी डुगडुगत्या दगडावर धरली होती. पुन्हा फेरी झाली आणि देवळाच्या पायरीवर फरक आला शून्य. अगदी शून्य. हंबीररावांनी वहीत शून्य लिहून खाली दोन रेघा मारल्या. जमाखर्च जुळल्यावर यायचा तोच आनंद त्यांना झाला.

गाव हे सगळं बघत होतं. साहेब एकाच जागेभोवती पुन्हापुन्हा फिरतोय म्हणजे काम लहानसहान नाही. गावाच्या बोलण्यात पहिल्या दिवशी तलाव होता, दुसऱ्या दिवशी धरण झालं, चौथ्या दिवशी त्यावर वीजही निघाली. फक्त दगडाबाई खूश नव्हती. तळ्याच्या वरच्या अंगाला तिचं खोपाट होतं. ती रोज वाटेत आडवी यायची. "सायेब, तळं भरलं तर माजं खोपाट बुडतंय का ऱ्हातंय?" आणि हंबीरराव बँकेतल्या सवयीनं म्हणायचे, "बघू या."

शेवटच्या दिवशी देवळापुढं सत्कार ठरला. बकरं पडलं, हलगी वाजली. बिराप्पांनी खांद्यावर घोंगडं घातलं आणि भाषण केलं. "ह्या गावात लय सायेब आले, जीपमधनं खाली बी न उतरता गेले. ह्यो एकलाच आसा, जो उनात आमच्या मातीत चालला. आमची पोरं आता मेंढरं घिऊन कर्नाटकात जायाची न्हाईत." म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

हंबीररावांना आता ते घोंगडं जड झालं. या माणसांना आपण फसवलं, नुसतं गप्प राहून फसवलं, हे त्यांच्या मनात लख्ख उभं राहिलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. ते उठले. घोंगडं काढून त्यांनी मगदूम सरांच्या खांद्यावर घातलं आणि सगळ्या गावादेखत वाकून त्या सव्वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडले. "हे माझे गुरू," ते म्हणाले. "मी यांचा विद्यार्थी. दुसऱ्या वर्षात आहे. मी तुमचा तलाव मंजूर करायला आलो नाही, शिकायला आलोय. पहिल्या दिवशीच ओरडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माफ करा."

हलगी थांबली. मगदूम सर घोंगड्यात घाम पुसत उभे.

"म्हंजी," बिराप्पांनी विचारलं, "तुमी नापास बी व्हऊ शकतासा?"

"होऊ शकतो."

"आन् बकरं तर पडलं," मागून कुणीतरी म्हणालं. कुणीतरी खुसकन हसलं. तेवढ्यात दगडाबाई पुढं आली. "ते आसू द्या समदं. शिकाय तर आलासा न्हवं? मग शिकलासा का? खोपाट बुडतंय का ऱ्हातंय ते सांगा की!"

या वेळी हंबीरराव 'बघू या' म्हणाले नाहीत. त्यांनी वही उघडली, मगदूम सरांना दाखवली, दोघं खाली डोकं घालून बोलले. मग ते म्हणाले, "बांध उत्तरेच्या टोकाला छातीइतका कमी आहे. तेवढा चढवला, मधलं खिंडार भरलं आणि जास्तीचं पाणी जायला सांडवा दगडात बांधला, तर तळं भरेल. खोपाट राहील."

बिराप्पांनी पटका काढून परत बांधला. "सरकार येईल तवा येईल. तुमी खुंट्या मारा. माती आमी टाकतो."

मगदूम सर म्हणाले, हे कुठल्याच नियमात बसत नाही. पण घोंगडं अजून त्यांच्या खांद्यावर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुंट्या मारल्या. शेवटची खुंटी हंबीररावांनी दगडाबाईच्या खोपटाच्या खालच्या अंगाला मारली. "तळं काठोकाठ भरलं तरी पाणी इथवर," ते म्हणाले. पुढं दर रविवारी मगदूम सर सायकलीवर स्टँड गाठून गुपचूप हुलगेवाडीला बांधाचं काम बघायला जायला लागले. पहिल्यांदा गेले, तेव्हा खुर्ची कुणाला द्यायची यावर गावात वाद झाला नाही.

मे महिन्यात लेखी पेपर बरे गेले आणि तोंडी परीक्षा आली. बाहेरून परीक्षक आले होते, निवृत्त कार्यकारी अभियंता, पांढऱ्या मिशा आणि हातात तांबडी पेन्सिल. त्यांनी हंबीररावांची मोजणीची वही उघडली, शेवटचं पान बघितलं आणि वही मिटली.

"फरक शून्य?"

"हो साहेब," हंबीरराव अभिमानानं म्हणाले.

"तीस वर्षं मी जमीन मोजली. माझा कधी शून्य आला नाही. हवा असते, ऊन असतं, माणसाचा हात असतो. जो खरंच मोजतो त्याचा फरक येतो. ज्याचा येत नाही, त्यानं आकडे खोलीत बसून लिहिलेले असतात."

मगदूम सर कळवळून म्हणाले, "सर, मी तिथं होतो. चारदा फिरले ते."

"तुम्ही त्यांचे मास्तर. तुम्ही म्हणणारच." परीक्षकांनी पेन्सिल उचलली.

हंबीररावांच्या डोळ्यांपुढं बँक उभी राहिली आणि त्या खुर्चीत बसलेला त्यांच्या हाताखालचा माणूसही. पण तेही त्यांना तितकं लागलं नाही. लागलं ते खोटे आकडे लिहिल्याचं. वीस वर्षांच्या नोकरीत असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात दाराशी गलका झाला. शिपाई आडवा हात धरून उभा होता आणि त्याच्या हाताखालून दगडाबाई आत आली. मागून बिराप्पा. दगडाबाईच्या हातात एक ओली शेणी होती. ती तिनं सरळ परीक्षकांच्या टेबलावर, हंबीररावांच्या वहीवर ठेवली.

"ह्येचा न्याव करा," ती म्हणाली. "ह्या इद्यार्थ्यानं खुंटी मारून दिली. पानी हिथवर, म्हनला. मी इस्वास ठिवला, खुंटीच्या वरच्या अंगाला शेणी रचल्या. परवा वळीव पडला, तळं भरलं, आन् माज्या खालच्या थराच्या समद्या शेणी भिजल्या! पावसाळ्यात चूल कशी पेटवू?"

"तळं भरलं?" हंबीरराव आणि मगदूम सर एकदम ओरडले.

"तुडुंब!" बिराप्पा म्हणाले. "तेच सांगाय आलो हुतो. ही बाई शेणी घिऊन मागं लागली."

परीक्षकांनी शेणी पेन्सिलीनं अलगद बाजूला सारली. "बाई, पाणी खुंटीच्या वर किती आलं?"

"दोन बोटं."

परीक्षकांचा चेहरा उजळला. "वा! म्हणजे फरक आहे! काम खरं आहे तर." ते वही उघडून मार्क लिहायला लागले. मगदूम सरांनी सुटकेचा श्वास टाकला. आता झांबऱ्यांनी गप्प बसावं, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती, आणि त्यासाठी त्यांनी टेबलाखाली हंबीररावांच्या पायावर पाय दिला.

पण हंबीरराव गप्प बसले नाहीत. "साहेब, फरक नाही," ते म्हणाले. "माझी खुंटी चुकलेली नाही."

"झांबरे!" मगदूम सर कुजबुजले.

हंबीररावांनी डोळे मिटले. त्यांना तळं दिसलं, बांध दिसला, बांधाच्या टोकाचा सांडवा दिसला. त्यांनी डोळे उघडले. "दगडाबाई, पाणी तुमच्या शेणींना लागलं तेव्हा सांडव्यावरनं पाणी वाहत होतं का?"

"वाहत हुतं म्हंजी? धो धो!"

"किती जाडीचं?"

उत्तर बिराप्पांनी दिलं. "आसंच की. दोन बोटं."

"मग ती दोन बोटं तीच," हंबीरराव म्हणाले. "खुंटी सांडव्याच्या माथ्याला जुळवलेली आहे. पाणी सांडव्यावरून उतू जायला लागलं, की सगळं तळंच तेवढं वर असणार. त्याशिवाय ते वाहणार कसं?"

परीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग वहीतल्या शून्याकडे बघितलं. लिहिलेले मार्क त्यांनी खोडले आणि वाढवून लिहिले. खोडलेल्या आकड्याशेजारी त्यांनी सही केली नाही, हे हंबीररावांच्या नजरेतून सुटलं नाही, पण ते बोलले नाहीत. एवढं दीड-दोन वर्षांत ते शिकले होते.

"जा," परीक्षक म्हणाले. "झालं तुमचं."

मगदूम सरांनी हंबीररावांचा हात घट्ट धरला. बिराप्पांनी कुणालाही न विचारता पेढ्यांचा पुडा सोडला. पण दगडाबाई जागची हलली नव्हती.

"पानी वाहताना वर येतंय, ह्ये तुमास्नी ठावं हुतं," ती म्हणाली. "मग खुंटी मारताना मला का न्हाई सांगितलं?"

एक निवृत्त इंजिनिअर, एक कामावरचा इंजिनिअर आणि एक होऊ घातलेला, तिघांनीही टेबलाकडे बघितलं.

"तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही," हंबीरराव म्हणाले. "यायला हवं होतं. चूक माझी आहे, दगडाबाई."

त्यांनी स्टँडवरच्या टपालपेटीत बँकेचा राजीनामा टाकला आणि साताऱ्याची गाडी सोडून कवठे महांकाळची धरली. हुलगेवाडीत उतरले तेव्हा दिवस कलला होता. तळं भरलेलं होतं. काठावर पोरं डुंबत होती, मेंढरं पाण्याला लागली होती, सांडव्यावर अजून एक पातळ धार होती. हंबीरराव ते बघत किती वेळ उभे राहिले कुणास ठाऊक. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चिखलात उतरले. भिजलेल्या शेणी वर उन्हात पसरल्या, सुक्या शेणी बाजूला काढल्या, आणि जुन्या खुंटीच्या वर, चांगली हातभर जागा सोडून, दुसरी खुंटी मारली.

दगडाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "आन् ह्येच्या बी वर आलं तर?"

"तर मला बोलवा," हंबीरराव म्हणाले. "मी येईन."

दगडाबाईनं त्यांच्याकडं एकवार नीट निरखून बघितलं. मग ती खाली वाकली आणि सुक्या शेणी नव्या खुंटीला अगदी लगटून रचायला लागली.